तांब्याचा तवा घेऊन अंबरनाथला

लोक अंबरनाथला शिवमंदिर बघायला जातात. मी साडेपाच किलोचा तांब्याचा तवा जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेले. मंदिर पाहिलं ते अगदी शेवटी, तेही धावतपळत. परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, "मग, काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "भट्टी." त्यावर कुणाला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. ऐकायला कंटाळलेली माणसं कधी कधी वाचतात.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तेव्हा पीएच.डी.साठी रजेवर होते आणि रजेचे सात महिने उरले होते. माझा विषय दुर्मीळ मृदा धातूंच्या संयुगांचं चुंबकत्व. घाबरू नका, विषय घरगुती आहे. या धातूंच्या अणूत काही इलेक्ट्रॉन अगदी आतल्या खोलीत राहतात. चुंबकत्व येतं ते या माणूसघाण्या मंडळींमुळे. बाकीचे इलेक्ट्रॉन गावभर हिंडतात. आतल्या खोल्यांतले शेजारी एकमेकांशी कधी बोलत नाहीत, तरी कोण कुठे तोंड करून बसलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण हिंडणारे इकडची खबर तिकडे पोचवतात. सिरियम नावाच्या धातूत असा आतला इलेक्ट्रॉन एकच असतो आणि तोही उंबरठ्यावर. आत बसावं की बाहेर पडावं, याचा त्याचा निर्णय झालेला नसतो.

सिरियम, चांदी आणि कथील एकत्र वितळवून मी एक संयुग केलं होतं, आणि ते चुंबकाकडे ओढलं जात होतं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला! असलं चुंबकत्व एरवी हाडं गोठवणाऱ्या थंडीत शोधावं लागतं. मी हवेत तरंगत होते. एका परिषदेने माझा पेपरही स्वीकारला होता.

मग माझे मार्गदर्शक, ज्यांना मी नुसतं सर म्हणते, त्यांनी शांतपणे सांगितलं, "सिरियमच्या जागी लँथॅनम घालून करून बघ." लँथॅनममध्ये तो आतला इलेक्ट्रॉनच नसतो. घरात माणूस नाही तर आवाज कुठून येणार? पण लँथॅनमची गोळीही चुंबकाकडे सरकली.

"लोखंड घुसतंय कुठून तरी," सर म्हणाले. "धातू ठेवलेल्या बाटलीतून, नाहीतर भट्टीतून. परिषदेला सहा आठवडे आहेत. भट्टीतला तवा उचल आणि ज्यांनी बनवला त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे दुसरा तवा असेल, दोन्हींवर करून बघ."

मी मान डोलावली. मनात मात्र नवस बोलत होते, की दोष फक्त लँथॅनमच्या बाटलीत निघू दे आणि माझा सिरियम खरा असू दे.

अंबरनाथ, पहिला दिवस

एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांच्या वासातून रिक्षा गेली आणि एका गाळ्यासमोर थांबली. आमची भट्टी याच गाळ्यात तयार झाली होती. आत दोन केबिनी. डावीकडच्या केबिनीत बुद्धाची छोटी मूर्ती, ड्रॉइंगचे गुंडाळे आणि कांबळेसाहेब. ते पूर्वी एका मोठ्या कारखान्यात व्हॅक्यूमची यंत्रं सांभाळायचे. उजवीकडच्या केबिनीत झुलेलालचा फोटो, उदबत्ती, रंगांची कॅटलॉगं आणि मोटवानीशेठ, राहणार उल्हासनगर कॅम्प एक. दोघं भागीदार. कांबळेसाहेब यंत्र बनवायचे, मोटवानीशेठ ते विकायचे. मधल्या प्लायवूडच्या भिंतीला वरून दोन फूट फट होती, त्यामुळे इकडचं कुजबुजणंही तिकडे ऐकू जायचं.

आणि ही दोन माणसं दीड वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

हे मला दहा मिनिटांत कळलं. भिंतीच्या टोकाशी टेबल टाकून सुनंदाताई बसायच्या. त्या हिशेबनीस, टायपिस्ट आणि मुख्य म्हणजे निरोप्या. कांबळेसाहेबांनी माझा तवा साडीतून सोडवला. हा तवा म्हणजे जाड तांब्याचं आप्पेपात्रच. त्यातल्या खळग्यांत धातूचे तुकडे ठेवायचे, खालून थंड पाणी फिरवायचं आणि वरून विजेच्या ठिणगीने वितळवायचं. साहेबांनी तवा तोंडासमोर धरला आणि त्यात त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या.

"हे मी असं पाठवलं नव्हतं," ते म्हणाले. "मी नुसतं घासून, आम्लाने धुऊन दिलं होतं. तांबं मळकट दिसायचं. सुनंदाताई, त्यांना विचारा, याला पॉलिश कुणी मारलं?"

सुनंदाताई जागच्या जागी उजवीकडे वळल्या. "शेठ, साहेब विचारतायत तवा कुणी चमकवला."

भिंतीपलीकडून आवाज आला, "बोलो उनको, मैंने चमकवला. लेडीज कस्टमर होती. भांडं चमकलंच पायजे ना? काळं भांडं बघून बाई काय बोलली असती?"

"शेठ म्हणतात, त्यांनी चमकवला. लेडीज कस्टमर होती."

"मी तेव्हाच निरोप दिला होता, तव्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून!"

आता सुनंदाताई कुठेच वळल्या नाहीत. "साहेब, तो निरोप राहिला. त्या दिवशी मी रजेवर होते. भाचीची हळद होती."

मला हसू आवरेना. शेजारी दोन अबोल अणू आणि मधला हिंडणारा इलेक्ट्रॉन रजेवर! तीन वर्षं मी फळ्यावर जे काढत होते, ते इथे जिवंत बसलेलं होतं. भांडणाचं मूळही सुनंदाताईंनीच मला चहा देताना सांगितलं. एका गिऱ्हाइकाने करडं यंत्र मागितलं होतं, शेठनी न विचारता त्याला पोपटी रंग दिला. "दिसायला पायजे की मशीन आलं," हे शेठचं म्हणणं. साहेबांना तो रंग इतका लागला, की त्यांनी बोलणंच टाकलं.

"पण एकदाच पॉलिश केलं असेल तर ते वर्षभर कसं टिकलं?" साहेबांनी विचारलं, यावेळी थेट मला.

माझं हसू तिथेच थांबलं. मी बॅगेतून एक लाल वडी काढून टेबलावर ठेवली. भट्टीच्या खोक्यात ही वडी आणि मऊ फडकं मिळालं होतं, वर शेठच्या अक्षरात 'वुइथ कॉम्प्लिमेंट्स'. माझ्या आईने लहानपणापासून शिकवलंय की दुसऱ्याचं भांडं परत करताना ते आरशासारखं लखलखलं पाहिजे. मी प्रत्येक गोळीआधी त्या वडीने तवा घासत होते. वर्षभर घासत होते. आणि वर प्रयोगवहीत लिहीत होते, 'तवा काळजीपूर्वक स्वच्छ केला.'

बदलापूर, बेलवली

मुक्काम सुनंदाताईंकडे होता. हॉटेल शोधते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "काय टेन्शन घेऊ नका, घर आहे ना." बेलवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत तुळस आणि दोन जास्वंदी. त्यांचं माहेर खरवईचं. वहिनीने सुकट पाठवली होती आणि ताईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. आमची ज्वारीची भाकरी चार दिवस टिकते आणि वेळ पडली तर शस्त्र म्हणूनही वापरता येते. ही भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, हातात धरली तर घडी पडावी अशी. मी पाच खाल्ल्या आणि माझी शेंगाचटणी पुढे केली. ताईंनी ती भाताला लावून खाल्ली. आमच्याकडे असं कुणी केलं तर बैठक बोलावतील.

"एवढं मनाला का लावून घेता?" त्यांनी विचारलं. "तवा बदलायचा, झालं."

मी त्यांना सांगितलं, की लोखंड जर वडीतून आलं असेल, तर माझा शोध म्हणजे नुसती घाण आहे. मग परिषदेच्या छापून आलेल्या यादीतून माझं नाव मला स्वतःच काढायला सांगावं लागेल. आणि कॉलेजात तर माझे पेढेसुद्धा वाटून झाले होते.

"पेढे पचले असतील आता," ताई म्हणाल्या आणि सहावी भाकरी वाढली.

उल्हासनगर, दुसरा दिवस

वडीत नक्की काय असतं, हे पॉलिशवाल्याशिवाय कोण सांगणार? मोटवानीशेठ मला स्वतःच्या स्कूटरवरून कॅम्प एकमध्ये घेऊन गेले. वाटेत एका दुकानात दाल पकवान खायला घातलं. पकवान कडक, वर पातळ डाळ, कांदा आणि चिंचेची चटणी. हे सकाळी आठला पोटात गेलं की दुपारपर्यंत जगाशी भांडण उरत नाही. शेठ सगळ्यांशी सिंधीत बोलत होते, गिऱ्हाइकांशी हिंदीत, माझ्याशी दोन्हींच्या मधल्या मराठीत. आणि दर दुकानात माझी ओळख करून देत होते, "मॅडम सायंटिस्ट हैं. चुंबक का काम करती हैं."

त्यावर एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून काढलेले दोन चुंबक माझ्या हातावर ठेवले. चुंबक इतके जबर, की माझ्या हाताची कातडी दोघांमध्ये चिमटली आणि मी भर बाजारात किंचाळले. हे चुंबकही दुर्मीळ मृदेचेच, निओडिमियमचे. माझ्या विषयाने माझा घेतलेला हा पहिला चावा.

पॉलिशवाले परसरामचाचा एका बोळात फिरत्या चाकासमोर बसले होते. भुवया, कान, बनियन सगळं लाल. वर्षभर रंगपंचमी चालू असलेला माणूस. मी वडी दाखवली. त्यांनी ती ओळखली, जवळजवळ कुरवाळली.

"मेरी है. तुम्हारा वो गड्ढेवाला तवा भी मैंने ही किया था. शेठ बोला, आईना बना दो. बनाया ना?"

"बनाया, चाचा. पण हे लाल काय आहे?"

"लोहा. लोहे का जंग, एकदम बारीक पिसा हुआ. उसी से तो तांबा हँसता है."

लोखंडाचा गंज. सिरियम आणि लँथॅनम ऑक्सिजनसाठी इतके हावरे, की वितळताना गंजातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि मागे उरतं ते निव्वळ लोखंड. म्हणजे मी दर वेळी प्रेमाने गंज चोळत होते आणि माझे धातू त्याचं लोखंड करून गोळीत भरत होते.

परतताना उल्हासनगरच्या पुलावर शेठनी स्कूटर हळू केली. "मॅडम, मैंने गलती की क्या?"

"उद्या कळेल," मी म्हटलं.

अंबरनाथ, तिसरा दिवस

गाळ्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेसाठी नवी भट्टी तयार उभी होती. तिच्या तव्याला पॉलिश लागलेलं नव्हतं, तो मळकट तपकिरी होता. आम्ही आधी माझ्या चकचकीत तव्यावर लँथॅनमची गोळी केली, मग मळकट तव्यावर तशीच दुसरी. काळ्या काचेतून बघायचं, आत निळसर ठिणगी, आणि चांदीसारखा थेंब थरथरत गोल होतो. थंड झाला की उलटा करायचा आणि पुन्हा वितळवायचा, असं चार वेळा, म्हणजे धातू सगळीकडे सारखे मिसळतात. शेठच्या डब्यात कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी होती. तीही म्हणे अर्धवट भाजून, दाबून पुन्हा भाजतात. फटीतून डबा आमच्या बाजूला आला. डबा कुणी पाठवला, हे कांबळेसाहेबांनी विचारलं नाही, पण दोन कोकी खाल्ल्या.

गोळ्या दोऱ्याने स्टँडला टांगल्या. पंखे बंद केले. चाचांच्या वडीवर पोसलेली गोळी चुंबक जवळ नेताच टुणकन येऊन चिकटली. मळकट तव्यावरची गोळी लोंबकळत राहिली. मी चुंबक डावीकडे नेला, उजवीकडे नेला. ती ढिम्म.

म्हणजे बाटली निर्दोष होती. आता सिरियम.

ती गोळी मी एकटीने केली. चार वेळा उलटली. दोरा बांधताना गाठ तीनदा सुटली. तोपर्यंत सगळा गाळा काम टाकून भोवती जमला होता, शेठसुद्धा दारात. मी चुंबक पुढे नेला. हल ना, मी मनात म्हणत होते. थोडी तरी हल.

गोळी हलली नाही.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांच्या लेखी यंत्र पास झालं होतं. "लोखंड निल!" कुणीतरी ओरडलं. कांबळेसाहेबांचा चेहरा पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाच्या बापासारखा फुलला. शेठ जिलबी आणायला निघाले.

मी स्टुलावर बसले आणि रडले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना दिसेल इतकं. तीन वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट दोऱ्याला सरळ लोंबत होती.

सुनंदाताईंनी पाणी दिलं आणि कुणीही न सांगता माझी हकीकत सगळ्यांना सांगितली, पेढ्यांसकट. मग कांबळेसाहेब चालत उजव्या केबिनीच्या दारापर्यंत गेले.

"मोटवानी," ते म्हणाले, "तुमच्या चमकीपायी बाईंचं काम वाया गेलं."

शेठ क्षणभर ताईंकडे बघत राहिले, निरोप तिकडून यायची सवय. मग सरळ म्हणाले, "तो तुम मुँह से क्यूँ नहीं बोले? डेढ़ साल मुँह में मूग ठेवले होते काय?"

"पोपटी रंग देताना तुम्ही विचारलं होतं?"

"दिया तो दिया! लोग आज भी वही मशीन पूछते हैं!"

पुढची वीस मिनिटं दोघं कडकडून भांडले. दीड वर्षाचा साठा होता. सुनंदाताई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "आज मी लवकर घरी गेले तरी चालेल बहुतेक."

पुढचे आठ दिवस

भांडण मिटता मिटता असं ठरलं, की नवी भट्टी पाठवायला आठ दिवस आहेत, तोवर ती माझी. धातूंच्या बाटल्या सोबत होत्याच. माझ्या आतापर्यंतच्या अकराच्या अकरा गोळ्या इथेच पुन्हा करायच्या. म्हणजे रजेचे उरलेले महिने त्यांचं चुंबकत्व मोजायला मिळतील. कुणी उपकाराची भाषा केली नाही. शेठ रोज सकाळी तव्याजवळ खुर्ची टाकून बसायचे, कुणी फडकं घेऊन फिरकू नये म्हणून. संध्याकाळी मी आणि ताई उल्हास नदीकाठी जायचो, पाण्यात पाय सोडून चणे खायचो. सिरियमचा तो इलेक्ट्रॉन आत बसतो की बाहेर पडतो, हे आता खऱ्या गोळ्यांवरून कळणार होतं. मला पुन्हा उत्सुकता वाटायला लागली होती.

एकच काम होत नव्हतं. बदलापूरच्या सायबर कॅफेत मी परिषदेला पत्र लिहिलं होतं, 'पेपर मागे घेत आहे'. चार ओळी. रोज जाऊन उघडायचे, एक शब्द बदलायचे, आणि न पाठवता घरी यायचे. सरांना फोनवर सांगायचे, "लिहिते आहे." ते म्हणायचे, "हं."

अकरावी गोळी झाली त्याच दिवशी नव्या भट्टीचं गिऱ्हाईक आलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक प्राध्यापक. त्यांनी झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "हा तवा एवढा मळका? नवीन आहे ना?"

कांबळेसाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात शेठच खुर्चीतून उठले. "साहेब, चमक पायजे तर बाजारात कढया मिळतात. हे कांबळेसाहेबांचं काम आहे. ह्याला कोणी हात नाय लावायचा."

"पण का?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. सांगायचं की नाही, ते माझ्यावर सोडलं होतं. सुनंदाताईंनीही हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. निरोप नेणारं कुणी नव्हतं.

मी पुढे झाले. "कारण मी माझा तवा चमकवला होता," मी म्हणाले. "लाल वडीने, वर्षभर. तिच्यात लोखंडाचा गंज असतो. मला सिरियमच्या संयुगात चुंबकत्व सापडलं असं मी जाहीर केलं होतं. ते माझ्या घासण्याचं लोखंड होतं. मी तो पेपर मागे घेते आहे."

एका अनोळखी, शिकलेल्या, माझ्याच विषयातल्या माणसासमोर हे बोलताना कान तापले. आता ते हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजूत घालतील, असं वाटलं.

त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि खाली मान घालून म्हणाले, "जरा सावकाश सांगा. आमच्या जुन्या भट्टीचा तवा मी दर शनिवारी स्वतः चमकवतो."

त्या संध्याकाळी पत्र पाठवायला मला एक मिनिटही लागलं नाही.